धरून ठेवलेली जागा

दिवाळी सरली की आमच्याकडच्या रस्त्यांवर झाडांना गवत लागतं. खरोखरच लागतं. कासा-सायवनकडून गासड्यांनी भरलेले ट्रक निघतात, दोन्ही अंगांनी इतके फुगलेले की मागून पाहिलं तर गवताची गंजीच चालत निघाली आहे असं वाटावं. रस्त्यावर वाकलेल्या फांद्या जाता-येता त्यातलं मूठमूठ गवत ओरबाडून घेतात. मग ते होळीपर्यंत तसंच लोंबत राहतं. चिंचेला गवत, आंब्याला गवत, विजेच्या तारेला गवत. मुंबईच्या तबेल्यात जायला निघालेला घास वाटेतच अडकून वाळत असतो.

काल तलासरीहून परत येताना असंच एका फांदीवरचं गवत बसच्या खिडकीतून माझ्या मांडीवर पडलं. घरी येऊन पँट झटकली, पण कुसळं कापडात रुतली होती. कुसळ ज्या बाजूने शिरतं त्या बाजूने ओढून निघत नाही, पुढे ढकलूनच काढावं लागतं. वेळ लागतो. मला वेळ भरपूर असतो. मसोलीच्या या घरात मी एकटा राहतो. व्हरांड्यातला दिवा लावून एकेक कुसळ काढत बसलो आणि गवताचा तो जुना हंगाम आठवत राहिला. त्या हंगामात माझी एकही पँट कुसळाशिवाय घरी आली नव्हती. गवत कापायला मात्र मी एकदाही गेलो नव्हतो. मी रोज संध्याकाळी डहाणू स्टेशनबाहेर एका गाडीत नुसता बसत होतो.

लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. मी तलासरीच्या शाळेत शिक्षक. माझा रोजचा रस्ता उलट्या दिशेचा, लोकलचा मला काही उपयोग नव्हता. तरी मला कोण आनंद झाला होता! संध्याकाळी फलाटावर जाऊन उगाच ती गाडी बघून यायचो. मसोलीहून स्टेशन चालत गाठता येतं. 'आपल्याकडे लोकल आली' हे वाक्य मी दिसेल त्याला सांगत सुटलो, वर्गातसुद्धा. माझ्या वर्गात सायवनच्या पलीकडच्या पाड्यांवरून, डोंगर उतरून येणारी मुलं होती. त्यांना मी 'आपल्याकडे' म्हणत होतो. माझ्या घरापासून स्टेशन जवळ होतं, म्हणून ते सगळ्यांच्याच जवळ आहे असं मला वाटत होतं. यात खोटं बोलण्याचा हेतू नव्हता, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

वनिता त्याच वर्गातली. बारावी झाली आणि तिला विरारला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिचा बाप देवजी नको म्हणाला, म्हणून मी त्यांच्या पाड्यावर गेलो. भाताची झोडणी चालली होती. देवजीने हातातली पेंडी खाली ठेवली नाही, ती झोडता झोडताच माझ्याशी बोलत राहिला.

"गुरुजी, पोरगा वापीला कंपनीत गेला. आता होळीचा पाहुणा झालाय. येतो, नाचतो, जातो. पोरगी पाहुणी नको व्हायला."

"अरे देवजी, ती राहायला कुठे जाते आहे? आपल्याकडे लोकल आली ना आता. सकाळी गेली की संध्याकाळी घरात."

"रोज?"

"रोज."

"हितं झोपंल?"

"इथेच झोपेल."

पेंडी खळ्यावर आपटली. भात उडालं, दोन दाणे माझ्या चपलेवर येऊन पडले. "मं जाऊ दे," तो म्हणाला, "पन ज्या रात्री घरात नसंल त्या रात्री शिक्षन संपलं. तुमी बोलला म्हनून." वनिता दाराआड उभी होती. तिचं तोंड दिसत नव्हतं, दाराच्या चौकटीला धरलेली बोटं तेवढी दिसत होती.

सकाळचं ठीक होतं. पहाटे पाड्यावरून निघणारी दुधाची गाडी तिला सोडायची. अडचण संध्याकाळची. विरारच्या पुढे तेव्हा दोनच रूळ. त्याच दोन रुळांवरून गुजरातकडच्या मेल, त्यावरूनच मालगाड्या, आणि त्यातून उरलेली फट लोकलची. कधी बोईसरला, कधी वाणगावला गाडी बाजूला घेऊन ठेवायची, मागून मेल धाडधाड निघून जायची आणि मग आमची गाडी दमून आल्यासारखी डहाणूला लागायची. तोवर सायवनची शेवटची बस गेलेली असायची. मग उरायची ती जयेशची ईको व्हॅन.

जयेश मूळचा उंबरगावचा, बोलणं अर्धं गुजराती. त्याच्या गाडीचा नियम सगळ्या स्टँडला माहीत होता. गाडी भरली की सुटणार, आणि जागा धरायची तर माणूस बसलेलं पाहिजे. मी पहिल्या दिवशी सीटवर रुमाल टाकला तर त्याने तो घडी करून मला परत दिला.

"सर, रुमालनी जागा एसटीमां. आपडे इकडे पब्लिक लागते."

मग मीच बसू लागलो. शाळेतून आलो की घरी न जाता सरळ स्टँडवर. मधल्या रांगेत, दाराजवळची जागा. गाडी जसजशी भरत जाई तसतसं माझं लक्ष स्टेशनच्या जिन्याकडे लागे. वनिता जिन्यावर दिसली की मी उतरायचो, ती माझ्या जागेवर बसायची, जयेश दार ओढायचा आणि गाडी आशागडच्या दिशेने निघून जायची. मी घरी चालत यायचो. इतकंच माझं काम. संपूर्ण हंगामात ती गाडी सुटल्यावर मी कधी तिच्यात नव्हतो.

गवताच्या दिवसांत गाडी लवकर भरायची. आशागडच्या अलीकडे-पलीकडे मालकांच्या जमिनींवर गवत कापायला कासा-सायवनकडची माणसं येत, आणि घरी परतायला वाटेत गाडीत जागा मिळत नाही म्हणून उलटी डहाणूला येऊन बसत. विळे फडक्यात गुंडाळलेले. अंगाला गवताचा वास, उन्हात तापलेला, थोडा गोड, थोडा घशात खवखवणारा. त्यांच्या लुगड्यांवरची कुसळं माझ्या पँटला लागत. दुसऱ्या बाजूला एखादी सुक्या बोंबलांची पाटी, मागे चिकूचा करंडा. या तिन्ही वासांत मी मास्तर अंग चोरून बसलेला.

"सर, आज तरी चला सायवनला," कोणी तरी म्हणायचं.

"त्यांना नुसतं शीट तापवायला ठेवलंय. अंडी घातलीत तिथं."

"भाडं नाय, पन खिडकी पाहिजे!"

हसत सगळे. मीही हसायचो. खरं सांगायचं तर मला ती थट्टा आवडायची. दिवसभरात माझ्याशी थट्टेने बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

बायको आणि मुलगा तेव्हा विरारला राहायला गेले होते. मुलाचं कॉलेज वसईला. पहिले काही महिने तो डहाणूहून जाऊन-येऊन करत होता. रात्री जेवताना ताटावरच झोपायचा. शेवटी सुनंदा म्हणाली, "मी त्याला घेऊन विरारला खोली करते. तुमची शाळा इकडे, तुम्ही इथेच राहा." मी होकार दिला. शेजाऱ्यांना मात्र सांगितलं, तात्पुरतं आहे. लोकल आली, लोकल आली म्हणून वर्षभर ओरडलेल्या माणसाच्या घरातली माणसंच त्या लोकलला कंटाळून पुढे राहायला गेली, हे तोंडाने बोलायला जड जात होतं. विरारच्या त्या खोलीत एका पोरीपुरती जागा होती हे मला माहीत होतं. तरी मी सुनंदाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर देवजीला दिलेला शब्द मोडला आहे हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा रोज संध्याकाळी गाडीत बसणं सोपं होतं. त्यात मला आपण काही तरी करतो आहोत असंही वाटे.

डहाणूला पोहोचलेली लोकल फार एकटी दिसते. डब्यामागून डबे दिवे लावून उभे, आणि आत एखाद-दुसरा माणूस लांबलांबच्या बाकांवर. कोणी झोपलेला, त्याला कोणी उठवत नाही. उठवायला शेजारी कोणी नसतं. वनिता एकदा म्हणाली होती, "सर, पालघरनंतर मी डब्यात मोठ्याने पाठ करते. बोईसरनंतर तर कोणीच नसतं." तिच्या ओढणीला दवाखान्याचा वास असायचा. दोन-चार वाक्यांपलीकडे आमचं बोलणं होतच नसे, कारण जयेश हॉर्न वाजवत असे.

मागच्या आठवड्यात तलासरीकडची काही तरुण मुलं माझ्याकडे आली होती. आता नवे रूळ पडत आहेत. लोकल डहाणूलाच का थांबावी, घोलवड, बोर्डी रोड, पुढे का नको, आणि तलासरीला जोडणारी गाडी का नको, हे विचारायला त्यांची सभा आहे. "सर, तुम्ही जुने. दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "गाडी मागा. पण शेवटच्या डब्यातून उतरलेला माणूस पाड्यावर कसा पोहोचणार, तेही त्याच सभेत मागा."

त्यातला एक हसला. अच्छाडला त्याची टायरची टपरी आहे. "सर, आधी गाडी तर येऊ दे. मं बघू."

त्याचंही चूक नाही. तो रोज अच्छाडच्या सीमानाक्यावर ट्रकची रांग बघतो, सगळं जग त्याच्या टपरीसमोरून कुठे तरी जात असतं. त्याला जायचं आहे. मी त्याच्या वयाचा असतो तर मीही हेच बोललो असतो. मी काय बोललो होतो ते वर लिहिलंच आहे. सभेला येतो असं म्हणालो. तिथे काय बोलायचं ते मात्र अजून कळलेलं नाही.

त्या हंगामातली ती संध्याकाळ. गाडी कधीच भरली होती, माझी जागा धरून. लोकल वाणगावला थांबवून ठेवली आहे असं फलाटावरून कोणी तरी सांगत आलं. जयेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मागच्या रांगेतून कुरकुर सुरू झाली. रोज ऐकू येणारी थट्टा त्या दिवशी नव्हती.

"जयेश, पाच मिनिटं," मी म्हणालो.

"सर, पाच-पाच करता सवार पडशे. उजाडेल इकडेच."

दाराबाहेर एक बाई उभी होती. लाडकीबाई. गवत कापणाऱ्यांतलीच. मी तिला रोज बघायचो, सगळ्यांच्या मागून पोहोचणारी. गाडी भरली की ती मुकाट्याने डोक्यावरचं फडकं सारखं करून आशागडच्या रस्त्याला लागायची. तिचं कोणी आशागडला असेल, ती मुक्कामाला तिथेच जात असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ती निघाली नाही. दारातून वाकून माझ्याकडे बघत हसत म्हणाली, "सर, एक सांगू? राग नाय ना?"

"सांगा की."

"तुमी उतरता, ती चढते. मधी मी ऱ्हाते."

गाडीतले हसले. मलाही आधी हसूच आलं.

"आशागडला तुमचं कोण आहे?" मी विचारलं.

"आशागडला? गवत हाय माजं!" ती अजून हसतच होती. "गंजीत झोपते. गरम ऱ्हातं. घरी पोर हाय लहान, सासू पेज पाजते त्याला."

आता कोणी हसलं नाही. मी त्या जागेवर तसाच बसलेला. उठायला हवं होतं, आणि उठलो नाही. एवढंच सांगतो की माझं बूड त्या सीटला चिकटलं होतं. मी उठलो असतो तर वनिताची घरची रात्र गेली असती, आणि देवजीच्या अटीप्रमाणे शिक्षणही. एक पोरगी रोज घरी झोपावी म्हणून एक आई रोज गवतात झोपत होती. ही वाटणी मी केली होती. कोणी सांगितली नव्हती.

तेवढ्यात लोकल लागली आणि जिन्यावरून वनिता धावत आली. ती दाराशी पोहोचली तेव्हा लाडकीबाई बाजूला सरकून वाट करून देत होती. रोजच्यासारखी.

"काकी, तुम्ही कुठे चाललात?" वनिताने विचारलं.

"जा पोरी, तू जा. मी हाय हितं."

"रोज इथेच असता?"

लाडकीबाईने डोक्यावरचं फडकं सारखं केलं. वनिताने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझी विद्यार्थिनी होती ती, माझा चेहरा वाचायला तिला वेळ लागला नाही.

"सर, उतरा."

मी उतरलो.

"काकी, बसा."

"अगं पन तुजा बाप…"

"बसा म्हणते ना!" तिने लाडकीबाईचा दंड धरून तिला जवळजवळ ढकललंच आत. मग पिशवी छातीशी धरून उभी राहिली. तिचा श्वास अजून धावल्याचाच होता. "सर, बाबा आता ऐकणार नाहीत. संपलं माझं."

मी तिथेच स्टँडवर उभं राहून सुनंदाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"इतके दिवस का नाही विचारलंत?"

मग तीच पुढे म्हणाली,

"पाठवा तिला. तीच गाडी परत फिरते ना? मी स्टेशनवर येते. आणि तिच्या वडिलांना कोण सांगणार?"

देवजीच्या पाड्यावर फोन लागत नाही. निरोप गाडीतल्या कोणाकडे देता आला असता. पण शब्द मी दिला होता, तो परत घ्यायलाही मलाच जायला हवं होतं. वनिता लोकलच्या बायकांच्या डब्यात चढली. ज्या गाडीने ती आली त्याच गाडीने परत निघाली. खिडकीतून म्हणाली, "सर, बाबांना सांगा, शनिवारी येते." मी जयेशकडे आलो. गाडी गच्च भरली होती.

"मलाही यायचं आहे."

जयेशने कपाळाला हात लावला. "आखा हंगाम फोकट जागेवर बसला, नि आज जागा नाय तर येवानु!" मग मागचं दार उघडलं. "चालो, डिकीमां बसो. आज भाडं घेणार हां."

डिकीत गवताच्या दोन पेंढ्या होत्या, विळ्यांचं गाठोडं आणि रिकामे करंडे. त्यांच्यामध्ये पाय दुमडून मी त्या रस्त्याने पहिल्यांदाच निघालो. आशागड गेलं, चारोटी गेलं. मागच्या काचेतून मागे सरकणारा रस्ता तेवढा दिसत होता. कासा सोडलं आणि दिवे संपले. या रस्त्याने वनिता रोज जात होती, मी वर्गात 'आपल्याकडे' म्हणत होतो तो हा रस्ता. तो संपत नव्हता. गाडी थांबायची, एक माणूस उतरून अंधारात शिरायचा, गाडी पुढे. लाडकीबाई उतरली तिथे रस्त्यावर काहीच नव्हतं, फक्त आत कुठे तरी एक दिवा. तिने अंधारात हाक मारली. आतून लहान मुलाचा आवाज आला, रडका, मग एकदम न रडता. ती धावत गेली. माझ्याकडे वळून तिने पाहिलं नाही, आणि पाहावं असं काही नव्हतंही.

वनिता नर्स झाली. विरारलाच नोकरी करते, तिथेच राहते. सुनंदाची आणि तिची इतकी गट्टी झाली की मुलगा पुण्याला नोकरीला गेला तरी सुनंदा तिकडेच राहिली. मी रविवारी जातो. तिघं जेवतो, मग मी संध्याकाळची गाडी पकडून डहाणूला परत येतो. बोईसरनंतर डब्यात मी एकटाच असतो. वनिता पाड्यावर होळीला येते, दिवाळीला येते. देवजी तिला काय म्हणतो ते मला कोणी सांगितलेलं नाही. मी विचारत नाही.

त्या रात्री सायवनच्या पुढचा फाटा आला तेव्हा गाडीत जयेश आणि मी दोघेच उरलो होतो. फाट्यावर टॉर्च घेऊन देवजी उभा होता. तो रोज येऊन उभा राहत असणार, हेही मला त्याच दिवशी कळलं. गाडी थांबली. त्याने टॉर्च मधल्या रांगेवर मारला, मग पुढच्या सीटवर. पुन्हा मधल्या रांगेवर.

मी मागून उतरलो.

"पोर?"

"विरारला आहे. माझ्या घरी. माझी बायको आहे तिथे." मग घाईने म्हणालो, "शनिवारी येईल. देवजी, गाडीने रोज येणं होत नाही. मी चुकीचं बोललो होतो. पण तिचं शिक्षण थांबवू नकोस."

टॉर्च त्याने माझ्या पायांवर धरला होता. पँट पार कुसळांनी भरलेली.

"बरी हाय ना?"

"बरी आहे."

"तुमी आता परत कसं जाल? जयेश फाट्याच्या पुढंच झोपतो. गाडी सकाळी."

"माहीत आहे."

मग त्याने टॉर्च फिरवून पायवाटेवर टाकला आणि म्हणाला, "चला."

घरी त्याची बायको दारात होती. तिने माझ्यामागे कोणी येतंय का ते पाहिलं. देवजीने तिला त्यांच्या बोलीत हळू काही तरी सांगितलं. ती आत गेली. चुलीशेजारी एक ताट झाकून ठेवलेलं होतं, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. ती ते उचलू की नको अशी थांबली. देवजीने ते उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"जेवा गुरुजी. निवलंय."

मला भूक नव्हती. पण ते दोघे समोर बसून बघत होते, रोज वनिता जेवताना बघत असतील तसे. मी शेवटच्या शितापर्यंत जेवलो.